एकच आकडा सगळीकडे का दिसतो?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हांला सांगितले की रोजच्या जगण्यातला काहीतरी विषय घ्या. म्हणून आज आम्ही आकड्यांबद्दल बोलणार आहोत. गणिताचा तास नव्हे, घाबरू नका. आपल्यापैकी पुष्कळांना असा अनुभव आहे की एखादा आकडा आपल्या मागेच लागतो. घड्याळ बघावे तर ११ वाजून ११ मिनिटे. बसचे तिकीट काढावे, दुकानाचे बिल बघावे, समोरून जाणाऱ्या रिक्षाचा नंबर वाचावा, पुन्हा तोच आकडा. मग मनात येते, यात काहीतरी संकेत असला पाहिजे. मोबाईलवर मेसेज फिरत असतातच, की अमुक आकडा दिसला तर भाग्य उघडणार, तमुक दिसला तर जपून राहा. कोणी हसून सोडून देतो, कोणी त्यावर घरातले पैसे लावतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी आजचे हे बोलणे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की असे दिसणे खोटे नसते. माणूस थापा मारत नाही, त्याला आकडा खरोखरच दिसतो. फक्त तो का दिसतो, याचे कारण बाहेर नसून आपल्या लक्षात आहे.

दिवसभरात डोळ्यांपुढून हजारो गोष्टी जातात. त्या सगळ्यांची दखल घेऊ म्हटले तर डोके चालणार नाही. म्हणून मेंदू निवड करतो. बाजारात कितीही कालवा असो, आपल्या लेकराचा रडण्याचा आवाज आईला बरोबर कळतो. गर्दीत कोणी आपले नाव घेतले की कान टवकारतात. घरात नवी मोटारसायकल घ्यायचे ठरले की रस्त्यावर तीच गाडी जिकडेतिकडे दिसू लागते. गाड्या काही एका रात्रीत वाढलेल्या नसतात. काल त्या डोळ्यांपुढून गेल्या, पण मनाने नोंदल्या नाहीत.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. लोकांना चेंडू खेळणाऱ्यांची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या कपड्यांतील खेळाडू किती वेळा चेंडू देतात ते मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेले माणूस खेळाडूंमधून चालत गेले. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलेच नाही! लक्ष मोजण्यात होते ना. जिथे लक्ष तिथे दिसणे, आणि लक्ष नाही तिथे गोरिलाही गायब.

दुसरे कारण आठवणीचे. मनात एकदा ठरले की हा आकडा आपल्या मागे आहे, की मन पुरावे गोळा करू लागते. जुळले की खूण, न जुळले की नोंदच नाही. लंडनमध्ये पीटर वॅसन यांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात, तुम्ही आणखी आकडे सुचवून तो नियम ओळखा, असे त्यांनी लोकांना सांगितले. लोकांना वाटले, दोनदोनाने वाढणारे आकडे. मग ८, १०, १२ असे आपल्या म्हणण्याला जुळणारेच आकडे ते सुचवत गेले आणि ‘बसतात’ असे उत्तर मिळाल्यावर खूष झाले. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने असावेत. १, ७, ५० सुद्धा चालले असते. आपले म्हणणे चुकते का, हे तपासायचे बहुतेकांना सुचलेच नाही. लक्ष आणि आठवण या दोहोंच्या मेळातून होणाऱ्या या भासाला अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५ साली वारंवारतेचा भ्रम अशा अर्थाचे नाव दिले.

तिसरे कारण साध्या हिशेबाचे. मोबाईलवरचे घड्याळ घ्या. तासाच्या ६० मिनिटांत ००, ११, २२, ३३, ४४, ५५ असे सहा जोडआकडे येतात, म्हणजे दर दहा मिनिटांत एक. दिवसात ६० वेळा मोबाईल पाहिला तर सरासरी सहा वेळा मिनिटांचा जोडआकडा दिसणारच. आता गाड्यांचे नंबर घ्या. शेवटचे दोन आकडे ०० ते ९९ मधले काहीही असू शकतात. रस्त्याने १०० गाड्या पाहिल्या, तर तुमचा ठरलेला आकडा निदान एकदा दिसण्याचा संभव शंभरात ६३ आहे. ३०० पाहिल्या तर ९५. म्हणजे आकडा दिसला यात नवल नाही, दिवसभर दिसला नाही तर नवल करा.

एक उदाहरण आपल्याच मनाजवळचे घेऊ. काही जण म्हणतात, बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिलचा आणि धम्मदीक्षाही १४ ऑक्टोबरची, तेव्हा १४ या आकड्यात काहीतरी आहे. बरे, बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या आपल्याला पाठ असलेल्या तारखा मांडून पाहू. १४ एप्रिल १८९१, महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७, मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७, काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३०, पुणे करार २४ सप्टेंबर १९३२, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५, संविधान स्वीकृत झाले तो २६ नोव्हेंबर १९४९, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ आणि महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६. नऊ तारखांत १४ दोनदा आला, बाकीच्या सात वेळा आला नाही. कुठल्याही नऊ तारखा सहज उचलल्या तरी त्यांतल्या निदान दोघींचा दिवस सारखा निघण्याचा संभव शंभरात सत्तरहून जास्त असतो. शिवाय दीक्षेचा दिवस आकडा बघून ठरलेला नव्हता. तो अशोक विजयादशमीचा दिवस होता आणि १९५६ साली दसरा १४ ऑक्टोबरला आला. बाबासाहेबांनी तिथे सम्राट अशोकाचा इतिहास पाहिला, आपण आकडा बघत बसायचे का? त्याच दिवशी दिलेल्या प्रतिज्ञा २२ आहेत. त्या मोजण्यासाठी नाहीत, पाळण्यासाठी आहेत.

आपण म्हणाल, आकडा दिसला तर दिसला, त्यात बिघडले काय? दिसण्यात काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. कोणी आवडीच्या नंबरासाठी आरटीओत जादा फी भरतो आणि गाडीचा विमा थकवतो. कोणी चांगली मिळालेली खोली तिच्या नंबरावरून नाकारतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे मटका. स्वप्नात आकडा आला, सकाळी दुधाच्या पिशवीवर दिसला, दुपारी बसवर दिसला, म्हणजे आज लागणारच, असे म्हणून माणूस अड्ड्यावर जातो. एकेरी आकडा दहांतून एक. लागला तर रुपयाला नऊ, हा वर्षानुवर्षे चालत आलेला भाव. म्हणजे दहा रुपये लावले की सरासरी नऊ परत, आणि तेही सोडत प्रामाणिक असेल तरच. रोज १०० रुपये लावणाऱ्याने ३०० दिवसांत ३०,००० लावले, तर सरळ हिशेबानेच ३,००० गेले. प्रत्यक्षात तो हरलेले भरून काढायला दुप्पट लावतो, तिथे घर बसते. शाळेची फी, बायकोच्या कानातले, बचत गटाचा हप्ता, सगळे त्याच वाटेने जाते. शिवाय महाराष्ट्रात हा जुगार १८८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो ताप वेगळाच.

अशा माणसाला नुसते ‘सोड’ म्हणून तो सोडत नाही, कारण त्याच्यापाशी अनुभव असतो. अनुभवाला अनुभवानेच उत्तर द्यावे. भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हाच मार्ग सांगितला होता, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, स्वतः पारखून घ्या. ब्रह्मजाल सुत्तात स्वप्नांवरून आणि लक्षणांवरून भविष्य सांगण्याला हीन विद्येत धरले आहे.

तेव्हा घरोघरी एक प्रयोग करा. ०० ते ९९ चे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा आणि घरातल्या प्रत्येकाने एक चिठ्ठी उचला. समजा आईला ३७ आला, मुलाला ८१ आला. आठ दिवस वहीत लिहा की आपला आकडा कुठे दिसला. प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाच्या मागे लागलेला आढळेल! मग पुढचे आठ दिवस नियम बदला. घड्याळ बघाल तेव्हा जो आकडा दिसेल तो लिहा, जुळो वा न जुळो. पानभर न जुळलेले आकडे बघितले की भ्रम आपोआप विरघळतो. ज्या घरात मटक्याचा त्रास आहे, तिथे त्या माणसालाच वही द्या. रोज किती लावले आणि किती आले, दोन रकाने. ओरडू नका, भांडू नका, महिनाअखेर त्यालाच बेरीज करायला लावा. बेरजेपुढे स्वप्न टिकत नाही. आणि बेरीज बघूनही सुटत नसेल तर ते व्यसन समजा, घरात लपवू नका, समितीला सांगा, डॉक्टरांना सांगा. दारूसारखाच त्यावर उपचार होतो, त्यात कमीपणा नाही.

बालमित्रांनो, परीक्षेचा नंबर कसाही आला तरी घाबरायचे नाही. पेपर तपासणारा तुमच्या नंबराचे पाहत नाही, उत्तरांचे पाहतो.



नमो बुद्धाय! जयभीम!