मुक्या जिवाची व्याधी आणि किरणोत्सर्गी आयोडीन



बारा-तेरा वर्षे घरात वावरलेले मांजर एकाएकी दुप्पट खाऊ लागते. रात्री-अपरात्री ओरडते, घरभर फिरते, पुन्हा पुन्हा पाणी पिते. म्हातारपणी जनावराला तरतरी आली म्हणून घरच्यांना आरंभी समाधानच वाटते. परंतु काही आठवड्यांनी पाठीवरून हात फिरवताना मणके हाताला लागू लागतात. जमेची बाजू वाढत असूनही शिल्लक घटत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. येथे ती गळती गळ्यातील थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथीत असते.

शरीराची भट्टी किती प्रखर पेटवावी, हे या ग्रंथीच्या संप्रेरकावर ठरते. ते अतोनात स्रवू लागले की हृदय धावते, रक्तदाब चढतो, स्नायू झिजतात आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. मांजरांतील या व्याधीचे पहिले वैद्यकीय वर्णन अमेरिकेत १९७९ व १९८० साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधील डॉ. मार्क पीटरसन यांचे नाव या अभ्यासाशी निगडित आहे. वृद्ध मांजरांतील संप्रेरकविकारांत ही व्याधी आज अग्रस्थानी गणली जाते. सुदैवाने शंभरांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक मांजरांत ग्रंथीची ही वाढ कर्करोगाची नसते.

उपचाराचे मार्ग चार. पहिला मेथिमाझोल या गोळीचा. ती बहुधा दिवसातून दोनदा व जन्मभर द्यावी लागते. ती संप्रेरकाची निर्मिती रोखते; पण वाढलेली गाठ तशीच राहते. दुसरा मार्ग आयोडीन अत्यल्प असलेल्या विशेष आहाराचा. त्यात अन्य काहीही खाऊ घालून चालत नाही. तिसरा शस्त्रक्रियेचा, त्यात वृद्ध जिवाला भूल देण्याची जोखीम आहे, तसेच शेजारच्या परावटू ग्रंथी दुखावून रक्तातील कॅल्शियम घसरण्याचे भय आहे. चौथा मार्ग किरणोत्सर्गी आयोडीनचा.

या चौथ्या मार्गाचा उगम माणसाच्या उपचारात आहे. १९३८ साली ग्लेन सीबोर्ग व जॉन लिव्हिंगूड यांनी बर्कली येथे आयोडीन-१३१ शोधून काढले. १९४१ साली बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या रुग्णाला प्रथमच किरणोत्सर्गी आयोडीन दिले. आपल्या मुंबईतही परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३ पासून या विद्येची परंपरा जोपासली आहे. माणसासाठी सिद्ध झालेले हे औषध पुढे मांजराच्याही कामी आले.

त्याचे तत्त्व विलक्षण साधे आहे. संप्रेरक तयार करण्यास आयोडीन हाच कच्चा माल लागतो आणि हावरी झालेली ग्रंथी तो अधाशीपणे ओढून घेते. आयोडीन साधे की किरणोत्सर्गी, हा भेद तिला कळत नाही. मानेजवळ कातडीखाली एक इंजेक्शन दिले जाते. भूल द्यावी लागत नाही. आत शिरलेल्या आयोडीनमधून निघणारे बीटा कण फार तर एक-दोन मिलिमीटर जातात आणि तेवढ्याच टापूतील बिघडलेल्या पेशी नष्ट करतात. निरोगी पेशी रक्तातील अतिरिक्त संप्रेरकामुळे आधीच निद्रिस्त असतात. त्या आयोडीन फारसे घेत नाहीत, म्हणून बव्हंशी वाचतात. पुढे त्याच जाग्या होऊन कारभार सांभाळतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ५२४ मांजरांच्या अभ्यासात बहुसंख्य मांजरे एकाच मात्रेत बरी झाल्याचे आढळले. असे यश सामान्यतः शेकडा पंच्याण्णवच्या आसपास मानले जाते.

मात्र प्रत्येक व्यवहाराला खर्चाची बाजू असतेच. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे उरते. शिवाय बराच अंश मलमूत्रातून बाहेर पडतो. म्हणून मांजराला परवानाप्राप्त रुग्णालयात एकांतात ठेवावे लागते. देशोदेशीच्या नियमांनुसार हा काळ काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असतो आणि बहुधा त्या अवधीत मालकाला भेटता येत नाही. घरी परतल्यावरही काही दिवस त्याला मांडीवर घेऊन बसता येत नाही, अंथरुणात झोपू देता येत नाही. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना दूर ठेवावे लागते आणि मलमूत्राच्या वाळूची विल्हेवाट सांगितल्याप्रमाणेच लावावी लागते.

खरा पेच याहून खोल आहे. थायरॉईडच्या अतिरेकामुळे मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह वाढतो आणि त्यांचा सुप्त आजार झाकला जातो. थायरॉईड ताळ्यावर आला की तो उघडा पडतो. म्हणूनच अनेक पशुवैद्य आधी काही आठवडे गोळ्या देऊन मूत्रपिंडांची परीक्षा पाहतात. काही मांजरांत उपचारानंतर ग्रंथी मंद होते आणि मग बाहेरून संप्रेरक द्यावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १६७ मांजरांच्या एका अभ्यासात केवळ गोळ्यांवरील मांजरांचे मध्यक आयुर्मान दोन वर्षे, तर आयोडीन दिलेल्यांचे चार वर्षे आढळले. हे आकडे आशादायक खरेच. परंतु कोणत्या मांजराला कोणता उपचार, हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. तेव्हा त्यांना हमीपत्र समजू नये.

मग निर्णय कसा घ्यावा? ज्याचे हृदय व मूत्रपिंड धड आहेत, त्याच्यासाठी थोड्या दिवसांचा विरह सोसून रोगमुक्ती साधणे श्रेयस्कर. ज्याची गात्रे आधीच थकली आहेत, त्याच्यासाठी गोळी व घरचा कोपराच बरा. त्या पिंजऱ्यातल्या मांजराला आपण येथे का आहोत हे उमगत नाही, आणि संमती विचारावी तर ते बोलू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने हिशेब मांडताना आपली सोय एका पारड्यात आणि त्याचे सुख दुसऱ्या पारड्यात ठेवावे, आणि तराजूची दांडी आपल्या बोटाने दाबू नये. करुणेला ज्ञानाची जोड मिळाली तरच ती त्या मुक्या जिवाच्या उपयोगी पडते.

घरातले वयस्क मांजर खूप खाऊनही वाळत असेल, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची एक तपासणी अवश्य करून घ्यावी. एवढी एक गोष्ट येथून घरी नेली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.