हवामानाचे लेखाशीर्ष



राज्याच्या हिशेबात 2245 क्रमांकाचे एक मुख्य लेखाशीर्ष आहे: नैसर्गिक आपत्तींच्या निवारणासाठी साहाय्य. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यावर जे कोसळले, त्याची सरकारी मदत प्रामुख्याने या शीर्षात दिसते. भूम-परंड्यात माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, नदीकाठची माती गेली आणि खालचा खडक उघडा पडला. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामे, गाळाने बुजलेल्या विहिरीला 30 हजार. मार्चमध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात एवढ्या रकमेला जागा नव्हती.

त्याच वर्षी पीकविम्याचेही नियम बदलले होते. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात मिळणारा विमा 2025 मध्ये थांबला. खरिपाचा हप्ता पुन्हा दोन टक्क्यांवर आला आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान ही संरक्षणे गेली. भरपाई उरली ती पीककापणी प्रयोगाच्या भरवशावर. एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, हे कुणी नाकारत नाही. पण बोगस अर्जदाराला आळा घालताना खऱ्या शेतकऱ्याचे छत्रही काढून घेतले गेले, आणि नेमका तेव्हाच आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. वित्त विभागाच्या हिशेबाला पावसाचा हिशेब जोडलेला नसला की असे होते. या जिल्ह्याला त्याचा अनुभव नवा नाही. 2020 च्या खरिपातल्या सोयाबीनच्या भरपाईसाठी इथल्या शेतकऱ्यांना थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली होती.

हवामान अर्थसंकल्पात बसवणे हे परदेशी तज्ज्ञांचे खूळ आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास पाहावा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीची कल्पना आधी लहान प्रमाणावर लावून पाहिली. 1972 चा दुष्काळ आला आणि मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला आणि बंधाऱ्याच्या मातीला लागली, तेव्हा तीच कल्पना राज्यभराची झाली. तिथून पुढे महाराष्ट्राने जे केले ते आजही फार थोड्या सरकारांना जमते. दुष्काळी कामाचा पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागू नये म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला आणि त्या कराचे उत्पन्न रोजगार हमीशी बांधले. हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला; देशाच्या 2005 च्या कायद्याने पुढे त्याचाच कित्ता गिरवला. या सभागृहात ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक बसलेले आहेत. त्यांच्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच करापोटी. अवर्षण हा अपघात नाही, तो पुन्हा येणार, असे गृहीत धरून बसवलेला हा कर. त्या काळी याला कुणी हवामान-अर्थसंकल्प म्हटले नाही, एवढेच.

आता हा शब्द सगळीकडे आहे. नेपाळने 2012-13 पासून प्रत्येक कार्यक्रमाला हवामानाचा संकेतांक द्यायला सुरुवात केली: 60 टक्क्यांहून अधिक खर्च हवामानाशी निगडित असेल तर अतिसंबंधित, 20 टक्क्यांच्या आत असेल तर तटस्थ. बांगलादेशाने 2010 मध्ये स्वतःच्या पैशातून हवामान निधी उभारला. ओडिशाने 2020-21 मध्ये वेगळे हवामान अंदाजपत्रक छापले, मुंबई महापालिकेने 2024-25 मध्ये. या सगळ्यात एक पळवाट आहे. जुन्याच गटारावर, जुन्याच नळयोजनेवर हिरवी चिठ्ठी चिकटवली की आकडा फुगतो. काम मात्र तेच राहते. चिठ्ठी लावल्याने खर्च कुठे होतो ते कळते. तो शहाणपणाने होतो की नाही, हे कळायला कामाच्या जागी जावे लागते.

जागा म्हणून कुठल्याही गावचा पाणंद रस्ता घ्यावा. ओढ्यावर सीडी वर्क आहे, म्हणजे नळकांडी पूल. अभियंता दरसूची उघडतो, नळ्यांचा व्यास ठरवतो. मोठे नळे घातले की अंदाजपत्रक मंजुरीच्या मर्यादेबाहेर जाते. म्हणून लहान घालतात. दोन पावसाळे निभावतात. तिसऱ्यात तासाभरात बदाबदा पाऊस होतो, नळे काटक्याकुटक्यांनी तुंबतात, पाणी भराव फोडून शेजारच्या रानात घुसते. बचत झाली ती रस्त्याच्या शीर्षात आणि नुकसान पडले 2245 मध्ये. ज्याने स्वस्तातले काम केले त्याला तोशीस नाही. भर म्हणजे आपत्तीनंतरची दुरुस्ती नियमाप्रमाणे पूर्ववत करण्यापुरती असते. पुन्हा तेच नळे, त्याच जागी! यात सहसा कुणाची लबाडी नसते, म्हणून हा दोष पकडणेही अवघड जाते. हिशेबाची रचनाच हलके काम करायला सांगते.

कोरडी बाजूही अशीच. जिल्ह्यातल्या वाशी-भूमचा खवा प्रसिद्ध आहे. त्या भट्टीमागे म्हैस आहे, म्हशीमागे कडबा आणि कडब्यामागे रब्बीची ज्वारी. सोयाबीनने रान व्यापले तसा कडबा आटला, आणि सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. पाऊस हुकला की वैरण महागते, दूध घटते, भट्टी थंडावते. ही साखळी शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. जिल्हा वार्षिक योजनेत मात्र कृषी, पशुसंवर्धन, लघुउद्योग आणि जलसंधारण यांची पाने वेगवेगळी. 2018 पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत धाराशिव मोजला जातो. तिथेही आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी असे गट आहेत, हवामानाचा स्वतंत्र गट नाही.

पैसा मुळीच नाही, असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केला. त्याच आयोगाने राज्यांच्या 1,60,153 कोटींच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा आपत्तीआधीच्या शमनासाठी वेगळा काढला. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, आणि त्यातून गावाचा पाण्याचा ताळेबंद ही रीत रुळू लागली: पडले किती, मुरले किती, पिकांनी प्यायले किती. उलट, राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढल्याचे फारसे दिसत नाही, असे महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये नोंदवले. त्यातला राजकीय धुरळा बाजूला ठेवला तरी खोदकामाचे मोजमाप भरपूर आणि पाण्याचे कमी, हा मुद्दा उरतोच.

वाशी तालुक्यातून करता येण्याजोगी एक मागणी आहे, आणि तिला नवा निधी लागत नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनामे सुरू होतात. म्हणजे मंडळनिहाय पावसाची नोंद तहसीलमध्ये आहे, तिच्यावर कोट्यवधी वाटले जातात. तीच नोंद बांधकाम उपविभागाच्या टेबलावर का नसावी? जिल्हा नियोजन समितीकडे जाणाऱ्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: हे काम एका दिवसाचा किती मिलिमीटर पाऊस सोसेल, आणि पावसाने किती आठवडे ओढ दिली तरी उपयोगी पडेल. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आराखड्याचे काम सुरू होते. त्याआधी तलाठी, कृषी सहायक आणि शाखा अभियंता एका टेबलाशी बसले, तर या दोन ओळी त्याच आराखड्यात लिहिता येतील.