पदाधिकाऱ्यांची मालमत्ता : नोंद आणि अभ्यास



लाचलुचपतीविरुद्ध भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी त्यांत भर घालणार नाही. मला एका साध्या कागदाविषयी बोलायचे आहे.

हजरत उमर (रजि.) प्रांताचा सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत आणि ती अवाजवी वाढली तर हिशेब मागत, असे इतिहासकार अल्-बलाझुरी सांगतो. पदावर येताना काय होते आणि नंतर किती झाले, हे ठाऊक असल्याशिवाय जाब विचारता येत नाही.

आपल्या देशात मतदाराला ही माहिती सहजासहजी मिळाली नाही. १९९९ साली अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था स्थापून दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवाराचे शिक्षण, त्याच्यावरील खटले, त्याची मालमत्ता व देणी मतदाराला कळली पाहिजेत. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून या निर्णयाला बगल देण्यात आली. पण १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली. २०१८ साली उत्पन्नाचे मार्ग सांगणेही बंधनकारक झाले.

पण मित्रहो, कागद दाखल झाला म्हणजे काम संपले काय? एकाच उमेदवाराची पाच वर्षांच्या अंतराने केलेली दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवावी लागतात. जमिनीचे भाव वाढले म्हणून किती वाढ झाली, वारसाहक्काने किती आले, हे वेगळे काढावे लागते. नुसती वाढ हा गुन्हा नव्हे. प्रामाणिक माणसावर चिखल उडू नये यासाठीही अभ्यास हवा.

फिसमन, शुल्झ व विक्रांत विग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निवडून आलेल्यांची तुलना दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यांशी केली. विजेत्यांची मालमत्ता सरासरीने दरसाल ३ ते ५ टक्के अधिक वेगाने वाढलेली आढळली. मंत्रिपद मिळालेल्यांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा होता. चावडीवरची कुजबुज आणि पुरावा यांत हेच अंतर आहे.

अशा कामाला पैसा लागतो. हजारो कागद उतरवून घ्यायचे, जमिनीच्या दप्तराशी ताडून पाहायचे, नातलगांच्या वा दुसऱ्यांच्या नावावर दडविलेले शोधायचे, यात वर्षे जातात. हा पैसा देणाऱ्याने निष्कर्ष सांगू नये, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव व रक्कम जाहीर करावी. जो दुसऱ्याचा हिशेब मागतो, त्याने आपला हिशेब आधी मांडावा.

आपण डॉक्टरी व इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्त्या देतो, त्या द्याव्यातच. पण संख्याशास्त्र वा वाणिज्य शिकणाऱ्या एखाद्या मुलीला वा मुलाला आपल्याच तालुक्यातील उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे अभ्यासण्यासाठी एक शिष्यवृत्ती ठेवता येणार नाही काय? रक्कम लहान असो, पण मिळालेले उत्तर कोणालाही अप्रिय वाटले तरी ते छापण्याची तयारी असावी.

नोंद करण्याचा कायदा झाला आहे. ती वाचणारी माणसे तयार करणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे.