बूच आणि बुचाचे झाड



बाटलीचे बूच कोठून येते, असे वर्गात विचारले असता एखादा चुणचुणीत मुलगा ‘बुचाच्या झाडापासून’ असे उत्तर देतो, आणि गुरुजी ‘शाबास’ म्हणून पुढे जातात. हे उत्तर अर्धेच खरे आहे. ज्याची लांब देठांची पांढरी, सुवासिक फुले पहाटे अंगणात पडतात व मुली सुईदोऱ्यावाचून ज्यांच्या वेण्या गुंफतात, ते बुचाचे झाड मूळचे ब्रह्मदेशाकडील. त्याच्या जाड सालीचा बुचाऐवजी हलक्या प्रतीचा पर्याय म्हणून उपयोग होत असे. त्यावरून हे नाव पडले.

खरे बूच ही ओक जातीच्या एका वृक्षाची साल होय. हा वृक्ष भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागाभोवती वाढतो. जगातील सुमारे निम्मे बूच एकटा पोर्तुगाल देश पुरवितो. झाड सुमारे २५ वर्षांचे झाले म्हणजे कुशल कामगार उन्हाळ्यात कुऱ्हाडीने त्याची बाहेरची साल सोलतात. आतील जिवंत थरास इजा न झाल्यास झाड मरत नाही. नवी साल धरते. तेथे पुढची सोलणी ९ वर्षांनी करतात, व हिशेब चुकू नये म्हणून खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवितात. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या सोलणीस, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर मिळते. लावणाऱ्यापेक्षा त्याच्या मुलासच तिचा लाभ अधिक!

बूच का तरंगते? ‘हलके म्हणून’ एवढ्याने मुलांचे समाधान करू नये. पेल्यातील पाण्यात खडूचा तुकडा व बूच टाकावे. खडूतून बुडबुडे निघतात आणि तो तळाशी जातो; बुचातून एकही निघत नाही. हवा दोहोंतही आहे. परंतु खडूची छिद्रे परस्परांस जोडलेली व उघडी, तर बुचातील हवा असंख्य बंद कोठड्यांत कोंडलेली असते. या कोठड्यांच्या भिंतींत पाण्यास अडविणारे मेणचट द्रव्य असते. १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकातून पाहिला व त्या कोठड्यांस जे नाव दिले, त्यासच मराठीत पेशी म्हणतात. त्याने पाहिल्या त्या मात्र मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या.

रबराचा तुकडा वरून दाबला की बाजूंनी फुगतो, म्हणून तो बाटलीच्या तोंडात अडतो. बूच फारसे फुगत नाही. निमूट आत जाते आणि मग पसरून घट्ट बसते.

आता बहुतेक बाटल्यांना प्लॅस्टिकची झाकणे आली. तरीही जुन्या थर्मासचे बूच, चांगल्या प्रतीच्या बॅडमिंटनच्या फुलाचा बुडखा किंवा फाटलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा गाभा गावात मिळू शकतो. बाटलीचे बूच मिळाल्यास त्यावरील आडव्या तपकिरी रेषा मुलांच्या निदर्शनास आणाव्यात. त्या सालीतील हवेच्या वाटा होत. बूच कापताना त्या मुद्दाम आडव्या ठेवतात. उभ्या राहिल्या तर बाटलीतील पदार्थ त्यांतूनच झिरपेल.