टर्बोचे ऑईल आणि दोन मिनिटांचा धीर

चांदूर रेल्वेकडे सोयाबीनची मळणी लागली की ट्रॅक्टर दिवसभर थ्रेशरवर राबतो. जेवणाची हाक आली की आपण गाडी एकदम बंद करतो. टर्बोच्या ट्रॅक्टरला हे सोसत नाही, बरं का! धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर. इंजिन थांबले की ऑईल येणे थांबते, आणि तापलेल्या बेअरिंगमधले ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून लोड काढून दोन-तीन मिनिटे गाडी सावकाश चालू द्या, मग बंद करा. भाकर काही पळून जात नाही.

आता परतीच्या नळीचे. टर्बोत ऑईल बारीक नळीने दाबाखाली येते; परत जाताना मात्र आपल्याच वजनाने खाली चेंबरात उतरते. म्हणून ही नळी जाड आणि उताराची असते. ती दबली, चोंदली किंवा वाकडी बसवली, तर ऑईल तुंबते आणि सील ओलांडून सायलेन्सरकडे जाते. निळा धूर दिसला म्हणजे टर्बोच गेला, असे नव्हे. नव्याचा खर्च करण्याआधी ही नळी आणि इंजिनचा ब्रीदर उघडून पाहा. नळीच्या जोडाला सिलिकॉन मात्र चोपडू नका; तेच आत सुटून वाट अडवते.