जादूची हद्द

शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ प्रथमच हाती घेणारा वाचक वादळाने व जादूने दिपून जातो, आणि मिलानच्या गादीवरून सख्ख्या भावाने हुसकावून लावलेला प्रॉस्पेरो बारा वर्षांनी आपला सूड कसा उगवतो, एवढे पाहण्यासाठी शेवटाकडे धाव घेतो. परंतु या नाटकाचा रस घ्यावयाचा तर जादू कोठे चालेनाशी होते, तिकडे लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

पहिलाच प्रवेश घ्या. गलबत फुटण्याच्या बेतात असताना नेपल्सचा राजा आणि त्याचे सरदार खलाशांच्या कामात लुडबूड करू लागतात, तेव्हा तांडेल त्यांना बजावतो की, या लाटांना राजाच्या नावाची मातब्बरी नाही. तुमचा अंमल पंचमहाभूतांवर चालत असेल तर त्यांना गप्प करा, नाहीतर खाली जा! १६०९ साली व्हर्जिनियाकडे निघालेले ‘सी व्हेंचर’ हे जहाज बर्म्यूडापाशी फुटले होते व त्यावरील माणसे बचावली होती. १६११ च्या नोव्हेंबरात जेम्स राजाच्या दरबारी हे नाटक झाले तेव्हा ती हकिगत ताजीच होती, आणि तांडेलाचे ते उद्गार साक्षात राजासमोर उच्चारले गेले, हे ध्यानात घ्यावे.

राजाचा हुकूम जेथे संपला तेथून प्रॉस्पेरोचा सुरू होतो, कारण वादळ त्यानेच, आपल्या वनवासातल्या बेटावरून, उठविले आहे. मात्र मुलीला पूर्ववृत्त सांगताना ‘ऐकतेस ना?’ असे तो पुनःपुन्हा विचारतो; मिरांडा तर जिवाचा कान करून ऐकत असते; अस्वस्थ असतो तो सांगणारा. त्याचा वायुरूप सेवक एरियल स्वातंत्र्य मागतो, आणि दास कॅलिबन तर बेट माझ्या आईचे, म्हणून माझे, अशी फिर्यादच मांडतो. या कॅलिबनला निव्वळ राक्षस समजू नये. पुढे दारूच्या धुंदीतले राजाचे चाकर स्टेफॅनो व ट्रिंक्युलो गद्यात बरळत असताना, बेटावरच्या नादांचे वर्णन तो पद्यात करतो, आणि अवघ्या नाटकातील अतिशय कोमल असा तो भाग कवीने या तुच्छ लेखलेल्या दासाच्या मुखी घातला आहे.

पाचव्या अंकात सारे शत्रू मंत्रबद्ध होऊन मुठीत आलेले असताना एरियल सांगतो की, त्यांची दशा पाहून तुमचेही मन द्रवेल. ‘तुला असे वाटते?’ असे प्रॉस्पेरो विचारतो, आणि तो वायुरूप सेवक उत्तरतो की, मी मनुष्य असतो तर माझे द्रवले असते. ज्याला मानवी हृदय नाही त्याच्याकडून मानवाने दया शिकावी, हा प्रसंग मला वादळाहून थोर वाटतो. सुडाचा बेत येथे मोडतो, आणि जादूचा त्यात कवडीचाही हात नाही.

तरीही क्षमेचा कागद एकतर्फीच राहतो. नेपल्सचा राजा अलोन्सो पश्चात्तापाने क्षमा मागतो. अपराधी भाऊ अँटोनिओ मात्र क्षमा मिळाल्यावर भावाला एका शब्दानेही उत्तर देत नाही, आणि त्यानंतर बोलतो ते एकदाच, कॅलिबनला बाजारात किंमत येईल एवढे सुचविण्यापुरते. हा अंक दोघाचौघांत वाटून मोठ्याने वाचावा, आणि ज्याच्या वाट्याला अँटोनिओ येईल त्याने पुस्तक मिटून न घेता, क्षमेच्या त्या शब्दांवर मान खाली घालावयाची की फिरवावयाची, हे स्वतः ठरवावे.