तारीख लिहून ठेवा, बायांनो!
(जानेफळ येथील महिला मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)



बचतीची तारीख आपण कधी चुकवत नाही. हप्ता एक दिवस लांबला तरी रजिस्टरात लागतो. मग सांगा बरं, तुमची मागची पाळी कोणत्या तारखेला आली? हसू नका. या एका तारखेवर माझं पहिलं लेकरू जाता जाता वाचलं.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पोळ्याले तू बाहेर व्हती, मंग आजून टाइम हाय." खरं तर मी राखीलाच बाहेर बसले होते. राखी ते पोळा, पंधरा दिवसांचा फरक! दिवस कधीच भरून गेले होते आणि आम्ही वाट पाहत बसलो. बाळाचं फिरणं कमी झालं, तरी दोन दिवस घरीच. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळानं पोटातल्या पाण्यातच शी केली होती. चार दिवस काचेच्या पेटीत होतं. दोष सासूबाईंचा नाही. तारीख कोणीच लिहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

आता हिशोब शिकून घ्या. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस धरा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १० जूनला पाळी आली असेल, तर तारीख येते १७ मार्च. हे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्या म्हाताऱ्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, त्या काही फार चुकत नव्हत्या! चूक होते ती सणावरून मोजताना. सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, अधिक मास आला की आणखी पुढे जातो.

पण तारीख म्हणजे एसटीची वेळ नव्हे. नेमक्या त्याच दिवशी शंभरातल्या चार-पाच जणीच बाळंत होतात. ३७ आठवडे व्हायच्या आत झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. आपल्या उदाहरणात २४ फेब्रुवारीपासून कधीही कळा येऊ शकतात, म्हणून पिशवी, पैसे, गाडी तेव्हाच तयार ठेवा. तारीख उलटली तर घरी बसू नका, तपासणीला जा. २४ मार्चला ४१ आठवडे होतात. त्यापुढे थांबणं बाळाच्या जिवाला धोक्याचं, कळा आणायच्या का ते डॉक्टर ठरवतील. आणि काही अडचण नसताना, केवळ मुहूर्त चांगला म्हणून आधीच सिझर करा असा हट्ट धरू नका. ३९ आठवड्यांच्या आत काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो.

पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करा. तेव्हाची तारीख सर्वांत भरवशाची. पुढच्या सोनोग्राफीत वेगळी तारीख आली तर घाबरू नका, बाळ लहान-मोठं असलं की ती बदलते. पहिलीच धरा. सोनोग्राफी तारखेसाठी आणि तब्येतीसाठी आहे. मुलगा की मुलगी विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा.

आणि हे कोणत्याही महिन्यात लक्षात ठेवा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाचं फिरणं कमी होणं. यातलं काहीही झालं तर तारखेकडे बघू नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला आणि सिझरला पैसे लागत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही चुकवू नका.

माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी एक टिंब काढा. लेकीला, सुनेलाही ते शिकवा. पाळी चुकली की आशाताईंना सांगा, माता-बाल कार्डावर ती तारीख लिहून घ्या, आणि घरातल्या दोघांना तरी पाठ करायला लावा. एक माणूस विसरला, तर दुसऱ्याला आठवेल.

माझ्या त्या लेकराला आज विचारलं तर ते स्वतःचा वाढदिवस सांगतं. मला मात्र अजूनही ते दोन दिवस आठवतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून बोलले.